काचेआडचं लुगडं

८ जानेवारी, बुधवार

“गेलं ते लुगडं गेलं. त्याचं नाव नोको काढू.”

आईचं हे वाक्य आज दिवसभर डोक्यात फिरतंय. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. बाबा मागावरून उतरवलेलं नवं लुगडं इतवारीतल्या दुकानदाराला देऊन आले होते. मी उंबऱ्यात बसून विचारत होते की ते आता कोण नेसेल, आणि त्या बाईला कळेल का की डावा काठ माझ्या हातचा आहे. आई चरख्यावर कांड्यांना सूत भरत होती. तिनं मान वर केली नाही. एवढं बोलली आणि चरखा पुन्हा सुरू झाला. आमच्या तांडापेठेतल्या घरात तो कायदाच होता. विकलेल्या कापडाची आठवण काढायची नाही, नाहीतर पुढच्या कापडात मन लागत नाही.

आणि आज, इतक्या वर्षांनी, त्यातलं एक परत आलं! म्हणजे माझ्या मोबाईलवर आलं.

माझ्या लेकीच्या, उन्नतीच्या कॉलेजच्या मुली काल सिव्हिल लाइन्सकडच्या नव्या वस्त्रसंग्रहालयात गेल्या होत्या. तिनं एका करवत काठी साडीचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, “आई, तुम्ही असंच विणायचात ना?” मी माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात एका बाईंच्या साडीला फॉल लावत होते. सुई तशीच टोचून ठेवली आणि फोटो मोठा केला. कोसा रेशमाचं बदामी अंग, लाल सुती काठ, काठाच्या आतल्या कडेला करवतीचे दात. अशा नागपुरात किती तरी विणल्या गेल्या. पण पदर संपतो तिथं, अगदी शेवटाला, तीन पिवळ्या रेघा आणि एक हिरवी.

ही आमच्या घरची खूण. दुकानदाराच्या ढिगाऱ्यात आपला माल ओळखू यावा म्हणून आई हळदीच्या रंगाचं उरलेलं सूत त्यासाठी राखून ठेवायची. हिरवी रेघ हा माझा हट्ट होता. करवत काठाला आडवं सूत फिरवणारे तीन धोटे लागतात, एक मधल्या अंगाचा, दोन दोन्ही काठांचे, आणि एकट्या माणसाचे हात पुरत नाहीत. बाबा मागावर बसायचे आणि डाव्या काठाचा धोटा सांभाळायला मी. ज्या वर्षी मी तिथं बसायला लागले त्या वर्षी हिरवी रेघ आली.

म्हणजे हे लुगडं बाबांचं आणि माझं. ज्यांच्या साडीला फॉल लावत होते त्या बाईंना मी सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साडी आजच मिळेल का विचारलं.

संध्याकाळी घरी येऊन बाबांसमोर मोबाईल धरला. ते खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत होते. त्यांनी मोबाईल हातात घेतला, अंगठ्यानं काच पुसली, जरा वेळ तसाच धरला. “असन,” म्हणाले आणि परत दिला. मला वाटतं त्यांना भरून आलं असावं.

९ जानेवारी, गुरुवार

संग्रहालयात फोन केला. गार्गी नावाची मुलगी तिथला संग्रह सांभाळते. मी खुणेबद्दल सांगितलं तर पलीकडे ती उठून धावल्याचा आवाज आला. परत येऊन धापा टाकत म्हणाली, आहेत, तीन पिवळ्या आणि एक हिरवी. साडी कुणा जुन्या मालगुजारांच्या घरून देणगीत आली आणि पाटीवर लिहिलंय, ‘विणकर अज्ञात’. तिला ती पाटी बदलायचीय. काकांना घेऊन याच म्हणाली.

पण वेळ थोडा आहे. जुनं कापड फार दिवस उजेडात ठेवत नाहीत म्हणे. ३१ तारखेला ही साडी उतरवतील आणि अंधाऱ्या खोलीत ठेवतील, ती पुन्हा कधी बाहेर निघेल सांगता येत नाही, चार-पाच वर्षं तरी नाही. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. म्हणजे याच महिन्यात. बाबांनी ती पाहिलीच पाहिजे, आणि काचेशेजारी त्यांचं नाव पाहिलं पाहिजे. दुसरं काही मला सुचत नाहीये. आज दोन पिको वाकडे गेले.

१२ जानेवारी, रविवार

बाबा नाही म्हणतात.

चार दिवस वेगवेगळ्या वेळी विचारून पाहिलं. जेवताना, चहाच्या वेळी, पंकजला मध्ये घालून. जावयाचं ते सहसा मोडत नाहीत, पण आज त्यालाही म्हणाले, “मी काय करू गा तिथं जाऊन? आपलं कापड आपल्याले माहीत नाही का?” पंकज मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, सोड ना, म्हाताऱ्या माणसाच्या मागे लागू नये.

मला वाटतं त्यांच्या मनात राग आहे. माग मोडला तेव्हा मी बारावीत होते. पॉवरलूमच्या साड्या निम्म्या दरात मिळायला लागल्या होत्या आणि बाबा एका कारखान्यात चौकीदार म्हणून लागले. त्यानंतर मागाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. आई गेल्यावर एकटेच तांडापेठेत राहिले. कितीदा बोलावलं तरी आले नाहीत, आणि या दिवाळीत आपणहून म्हणाले, येतो तुझ्याकडं, एकट्यानं करमत नाही. मी किती हरखले होते.

आता इथं नंदनवनात आल्यापासून बघते, माणूस बदललाय. आधी चौकात गप्पा मारल्याशिवाय दिवस जायचा नाही, आता घराबाहेर पाय ठेवत नाहीत. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे बाबा आता उन्नतीकडून वाचून घेतात. तिचा आवाज गोड आहे म्हणतात. नातीचं कौतुक, दुसरं काय! स्वतःचा चहा स्वतःच ओततात, कपात बोट बुडवून बघतात आणि चटका बसला की हसतात. किती गरम आहे ते बघायची ही कुठली नवी तऱ्हा. डोळ्यांत औषध टाकतात, धुळीनं चुरचुरतं म्हणे. तांडापेठ सोडून दोन-तीन मैलांवर आले आणि नंदनवनाची धूळ लागते त्यांना.

मी त्यांच्यावर चिडत नाही. पण आज चिडले. म्हटलं, तुमच्यासाठी एवढं चाललंय आणि तुम्हाला काहीच नाही. ते म्हणाले, “मले काही नाही असं नाही वं.”

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गच्चीवर सगळी गल्ली. बाबा आधी येत नव्हते, उन्नतीनं हाताला धरून आणलं आणि त्यांच्या हातात मांज्याची चक्री दिली.

आणि काय सांगू! आमची उन्नती पतंग उडवत होती आणि बाबा पाठमोरे, आभाळाकडं न बघता, नुसती चक्री धरून बसले होते. मांजा बोटांवरून जाऊ देत सांगत होते, “ढील दे. आता नोको देऊ. कोणीतरी खालून येऊन राहिला, खेच.” शेजारचा सौरव मोठा पतंगबाज समजला जातो. त्याचा पतंग कापला तेव्हा बाबांनी सगळ्यांच्या आधी ओरडून सांगितलं, ओ काट! सगळी गच्ची हसली. सौरव खाली मान घालून म्हणाला, आजोबा न बघता कापतात, बघितलं तर आमचं काय होईल. सूत हातात आलं की विणकराला बाकी काही लागत नाही, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगितलं.

तिळगूळ देताना मी पुन्हा विषय काढला. बाबा काही बोलायच्या आत उन्नती त्यांच्या कानाला लागली. काय कुजबुजली कोण जाणे. बराच वेळ कुजबुज चालली. मग बाबा म्हणाले, पोरगी संग येत असन तर येतो.

शनिवार ठरला. मी आनंदानं दोन तिळाच्या वड्या जास्त खाल्ल्या.

१८ जानेवारी, शनिवार

काय दिवस गेला! क्रमानं लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

सकाळीच घोटाळा झाला. उन्नतीचं प्रॅक्टिकल नेमकं आज ठेवलं. बाबा आंघोळ करून, टोपी घालून तयार बसले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “मंग राहू दे.” मी म्हटलं, मी आहे ना. “तुले दुकान आहे.” दुकान आज बंद ठेवलंय म्हटलं. “माह्यासाठी दुकान बंद केलं?” त्यांचा आवाज भरून आला होता. मला फार बरं वाटलं. उन्नती जाताना दोनदा मागे वळली, तिला काहीतरी सांगायचं होतं, पण मीच तिला पिटाळलं, बस चुकेल म्हणून.

ऑटोतून उतरल्यावर बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे लिहिताना अजून नवल वाटतं. त्यांच्या पिढीत मुलींना जवळ घ्यायची रीत नव्हती. मागावर शेजारी बसायचे तेवढाच काय तो सहवास. आज पूर्ण दुपार त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, पायऱ्या चढताना तर घट्ट.

संग्रहालयासमोरच्या रस्त्यापलीकडे लांबलचक भिंतीवर मोठमोठी चित्रं रंगवलीत. कापूस वेचणाऱ्या बाया, चरखा, माग. रंग इतके ताजे की थांबून बघावं. मी बाबांना म्हटलं, ते बघा, अगदी आपल्या आईसारखी बसलीय ती चरख्यावर. ते “हाव, हाव” म्हणत पुढं निघाले. मला जरा लागलं. आईचं नाव काढलं म्हणून असेल.

गार्गी दारात उभीच होती. तिशीची असेल, केसांत पेन्सिल खोचलेली. बाबांच्या पाया पडली. आत गेलो तर बाबा म्हणाले, “लाइट गेली का वं?” गार्गी हसली. कापडाचा रंग उडू नये म्हणून दिवे मंद ठेवतात, आणि हातही लावू देत नाहीत, कारण बोटांचा घाम आणि तेल जुन्या धाग्याला खातं, असं तिनं समजावून सांगितलं. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, “बरोबर आहे. हात वाईटच असते.”

आणि मग ते लुगडं.

काचेच्या मोठ्या कपाटात पसरून लावलेलं, मागे आरसा, म्हणजे उलटी बाजूही दिसावी. मी आधी हसले आणि मग रडू लागले, आणि मग दोन्ही एकदम. कोशाचा रंग किंचित गडद झालाय, काठाचा लाल अजून तसाच. डावा काठ पाहिला. माझ्या सात-आठ वर्षांच्या हातांनी घातलेले दात, एकामागे एक, सरळ रांगेत. मी नुसती बोलत सुटले होते, बाबांना एकेक गोष्ट दाखवत, हे बघा, ते बघा. नवी पाटी गार्गीनं तयार ठेवली होती. बाबा म्हणाले, “वाच.” मी वाचलं. ‘विणकर: बाबूलाल मौंदेकर, तांडापेठ, नागपूर.’ म्हणाले, “अजून एक डाव.” मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं. आजूबाजूला कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी काचेवर तळहात टेकवला. चौकीदार म्हणाला, काका, हात नका लावू. बाबांनी काढला, जरा वेळानं परत टेकवला. तो परत म्हणाला. त्याचंही बरोबर होतं, पण मला त्याचा राग आला.

मग गार्गीनं विचारलं, “काका, लावताना आमच्याकडून काही चुकलं असेल तर सांगा. तुमच्याइतकं कुणाला कळणार?”

बाबांनी माझ्याकडं तोंड केलं, मग काचेकडं. म्हणाले, “उलटं टांगलं.”

झालं! माझी छाती फुगली. एवढे शिकलेले लोक, एवढे दिवे, एवढ्या काचा, आणि कापड उलटं! मी गार्गीला म्हटलं, बघा, विणणाऱ्याचा डोळा तो विणणाऱ्याचा डोळा. त्या मुलींकडं वळून सांगितलं की आमच्या घरी कापड नेहमी उलटं घडी करून ठेवायचे, सुलट बाजूला धूळ लागू नये म्हणून, म्हणून यांची फसगत झाली असेल. मुली फोटो काढत होत्या. मी बोलतच होते.

गार्गीनं खिशातून छोटी बॅटरी काढली, काठावर धरली, मग मागच्या आरशावर धरली. आरशात सुटलेल्या धाग्यांची टोकं दिसली, काठ जिथं अंगाला जुळतो तिथं, झाडूच्या काड्यांसारखी. समोरची बाजू स्वच्छ.

लुगडं सुलटच होतं.

मी दिवसभर साड्यांची उलट-सुलट बघून पोट भरते. मला आत शिरल्या शिरल्या दिसलं होतं. तरी बाबा म्हणाले आणि मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

माझे कान तापले. मुली हळूच पांगल्या. बाबा म्हणाले, “असन. काच आड येते.” गार्गी लगेच म्हणाली, हो काका, चकाकते ना. आणि तिनं विषय बदलला, चहा पिऊ म्हणाली. चांगल्या घरची मुलगी.

बाहेर आलो तेव्हा मला वाटलं दिवस वाया गेला. पण खरी गंमत पुढं होती.

संग्रहालयाच्या कुंपणाची भिंत रस्त्याच्या कडेनं दूरवर जाते. कुणा कलाकारानं त्या पूर्ण भिंतीवर करवत काठ केलाय, सिमेंटचा आणि पितळेचा, उठावाचा. एकेक दात तळहाताएवढा. बाबा चालता चालता भिंतीला टेकले आणि थबकले. मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. भिंतीवर ठेवला. एक दात, दुसरा दात. “हे करवत आहे,” म्हणाले. मी म्हटलं, हो ना. “हे करवत आहे वं!” आणि चालायला लागले. एकटे. हात भिंतीवर, ओठांत मागावरचा हिशेब, एक वर, एक खाली. इतके भरभर की मी मागे पडले. दुपारभर माझ्या खांद्याला धरून चालणारा माणूस मला मागे टाकून गेला!

मध्येच थांबून ओरडले, “इथं पाह्य, इथं दात मोठा झाला. दमला असन बिचारा.” मी बघितलं, खरंच तिथं एक दात जरा मोठा होता. जवळून बघूनही मला दिसला नसता. विचारलं, “पिवळं कोणतं आहे, सांग.” मला वाटलं माझी परीक्षा घेतायत लहानपणासारखी. मी सांगत गेले, हे पितळ, हे सिमेंट, हे पितळ. ते बोटांनी पडताळत गेले, “थंड, हाव. खरबरीत, हाव.”

एक छोटी मुलगी पेरू खात आईबरोबर चालली होती. तिनं बाबांना पाहिलं आणि तीही भिंतीवर हात ठेवून त्यांच्या मागे निघाली. मग तिची आई. मग कॉलेजच्या त्याच मुलींपैकी दोघी. भिंत संपली तेव्हा बाबांच्या मागे हात टेकवत चालणारी एक छोटी मिरवणूक झाली होती. बाबा वळले आणि म्हणाले, आता उलट्या बाजूनं. आणि सगळे उलट्या बाजूनं!

कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायलो. इतके हसताना मी बाबांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या लुगड्यापेक्षा दुसऱ्याची भिंत आवडली. माणसाचं काही सांगता येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

गार्गीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, त्यात काय. मग तिनंच विचारलं, “काकांची तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, ठणठणीत, काल भिंतीवर सगळ्यांना दमवलं त्यांनी. ती “हो, मी खिडकीतून बघत होते” म्हणाली. किती अदबीची मुलगी.

तरी काहीतरी बोचतंय. बाबा कापडाच्या बाबतीत कधीच चुकत नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

उन्नती आज माझ्याजवळ येऊन बसली. शनिवारपासून घुटमळत होती. विचारलं, “आजोबांना लुगडं कसं दाखवलंस?” मी म्हटलं, कसं म्हणजे? काचेतून. ती म्हणाली, “म्हणजे त्यांनासुद्धा हात लावू नाही दिला?” आणि रडायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. तिनंच त्यांना पेपर वाचून दाखवताना दिवाळीच्या सुमारास ओळखलं होतं. बाबांना दिसत नाही. काचबिंदू. तांडापेठेत असतानाच ते एकटे सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते, ती औषधं त्याचीच. उन्नतीनं त्यांना कानात सांगितलं होतं की मी शेजारी उभी राहून एकेक गोष्ट हळूच सांगेन, आजोबा, तुम्ही फक्त मान हलवा. आणि ती येऊ शकली नाही.

मला का नाही सांगितलं, विचारलं. आजोबांनी शपथ घातली होती म्हणाली. तिनं त्यांच्याच बोलीत सांगितलं: “तुह्या मायले नोको सांगजो. ते दुकान बंद करून माह्याजवळ बसून राहीन.”

मी आठ तारखेपासून लिहिलेली ही पानं आज परत वाचली. कप, पेपर, चक्री, खांदा. सगळं मी स्वतःच्या हातानं लिहिलंय.

२२ जानेवारी, बुधवार

दुपारी दुकानातून लवकर आले. बंद करून नाही, रितिकाला बसवून आले, ती माझ्याकडे शिकते. बाबा खिडकीशी होते. मी शेजारी बसले. काही बोलायच्या आत ते म्हणाले, “सांगितलं पोरीनं.” पावलांवरून कळलं म्हणे, मी आज वेगळी चालत आले.

मी विचारलं, किती दिसतं. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. “दोन्ही काठ गेले. मधलं अंग थोडंसं उरलं. तेही एकाच डोळ्यात, नळीतून पाहिल्यासारखं.” आतल्या अंधारात तेही जवळजवळ गेलं होतं.

मग उलटं टांगलंय असं का म्हणालात, विचारलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते हसले. “काचेत तू दिसली होती थोडीशी. हसून राहिली होती. ते पोरगी विचारून राहिली, तू वाट पाहून राहिली. इतकी खूश होती तू. काहीतरी तं बोलावं लागन ना?”

मी उठून खिडकी उघडली, मग लावली. परत बसले.

दुकान बंद करशील तर मी तांडापेठेत परत जाईन, अशी धमकी त्यांनी दिली. मी म्हटलं, बंद करणार नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्यासोबत यायचं. या अटीवर तह झाला. आम्ही दोघं कापडवाले, घासाघीस येते आम्हाला.

मग मी विचारलं, हात लावायचा होता का तुम्हाला लुगड्याला. ते म्हणाले, आता काय, गेलं ते गेलं. मी चहा टाकायला उठले. आतून ऐकलं, स्वतःशीच बोलल्यासारखं विचारत होते, “कोसा मऊ झाला असन ना वं, इतक्या वर्षानं?”

२५ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं औषधानं टिकवता येईल, एकही वेळ चुकवायची नाही. औषध टाकायचं काम उन्नतीनं घेतलं. बाबा तिथल्या नर्सला म्हणाले, मी संग्रहालयात आहो, जाऊन पाह्यजो. म्हणजे पाटीचा अभिमान आहे!

आणि आज एक गोष्ट कळली तेव्हापासून मी घरात येरझाऱ्या घालतेय. गार्गीला मी खरं काय ते सांगितलं. तिला शनिवारीच कळलं होतं, बाबांना भिंतीवर हात फिरवताना बघून. बोलता बोलता मी विचारलं, ३१ तारखेला साडी उतरवता म्हणजे काय करता. घडी घालत नाहीत म्हणाली, घडीवर जुना धागा तुटतो. मोठ्या नळीवर मलमल लावून गुंडाळतात. एकट्यानं होत नाही. एक माणूस नळी फिरवतो आणि समोर दुसरा कापड ताणून धरतो, हलक्या हातानं, दोन्ही काठ एका रेषेत ठेवत, जरा सैल नाही आणि जरा घट्ट नाही. ते काम शिकवायलाच वर्ष जातं म्हणे.

मी ऐकत होते आणि मला मागावर कापड ताणून धरणारे बाबांचे हात दिसत होते.

मला माहीत आहे ती काय म्हणेल. हातमोज्यांशिवाय कुणी हात लावत नाही. बाहेरच्या माणसाला त्या खोलीत प्रवेश नाही. एकाला हो म्हटलं तर उद्या दहा येतील. हे सगळे नियम बरोबर आहेत, त्याच नियमांमुळे ते लुगडं इतकं नीट राहील. आणि एक शंका माझीही आहे: हे मी बाबांसाठी मागतेय, की त्या दुपारी काचेपाशी हसत उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीसाठी? तो विचार करत बसले तर ३१ तारीख निघून जाईल. बाबांना काही सांगितलं नाही. नकार आला तर तो माझ्यापुरताच राहू दे.

गार्गीचं ऑफिस सोमवारी बंद असतं, म्हणून फोन मंगळवारी. वाक्य तयार ठेवलंय. उन्नतीला म्हणून दाखवलं, ती म्हणाली, आई, अगदी असंच बोल, मध्ये रडू नकोस.

गार्गी, ३१ तारखेला ते लुगडं गुंडाळताना समोरची बाजू माझ्या बाबांना धरू द्याल का? हातमोजे न घालता.